तालमीचे नाव, फुटबॉलचा संघ

कोल्हापुरात नव्याने बदली होऊन आलेल्या माणसाला एक गोष्ट हमखास बुचकळ्यात टाकते. सकाळी चहा घेता घेता तो वर्तमानपत्राचे क्रीडा पान उघडतो आणि वाचतो, की अमक्या तालमीने तमक्या तालमीवर मात केली. कुस्तीची बातमी असणार असे समजून पुढे जावे, तर तिथे गोलरक्षक येतो, कॉर्नर किक येते, टायब्रेकर येतो. बँकेत असताना बाहेरगावच्या सहकाऱ्यांना मी हे कोडे इतक्या वेळा उलगडून सांगितले आहे, की त्याची आता मला पाठांतरासारखी सवय झाली आहे. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, उत्तरेश्वर वाघाची तालीम ही सारी फुटबॉल संघांची नावे आहेत. तालीम म्हणजे लाल मातीचा हौद, जोर-बैठका, लंगोट आणि वस्ताद. तिच्या नावाचा शर्ट घालून अकरा जण चेंडूमागे धावतात, आणि त्यांच्यामागे अख्खी पेठ धावते. भारतात दुसऱ्या कुठल्या शहरात असे घडल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

हे असे का, याचे उत्तर शोधू लागलो की मी दरवेळी एकाच माणसापाशी येऊन थांबतो. त्या माणसाचे नाव कुस्तीशी कायमचे जोडले गेले आहे, फुटबॉलशी नाही. आरक्षण, वसतिगृहे, सक्तीचे शिक्षण, माणगावची परिषद या मोठ्या कामांपुढे त्यांच्या तालमीच्या नादाकडे आपण एका राजाची हौस म्हणून पाहतो. मला ती निव्वळ हौस कधीच वाटली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी वसतिगृहे ज्या पद्धतीने उभी केली, त्याच पद्धतीने तालमी जगवल्या, आणि आज देशाच्या फुटबॉलची जी दैना झाली आहे तिच्यावरचा एक उपाय त्या पद्धतीत दडलेला आहे, असे माझे मत आहे. त्यासाठी त्यांचे आयुष्य थोडे या बाजूने वाचायला हवे.

जन्म २६ जून १८७४ चा. कागलच्या घाटगे घराण्यातले जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब हे वडील, आणि राधाबाई या आई. मुलाचे नाव यशवंतराव. आई फार लवकर गेली. इकडे कोल्हापूरच्या गादीवरचे चौथे शिवाजी महाराज इंग्रजांच्या कैदेत, अहमदनगरच्या किल्ल्यात, १८८३ च्या डिसेंबरात वारले. एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला, आणि त्या बातमीने सारा दक्षिण महाराष्ट्र हळहळला. गादी रिकामी झाली. १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईंनी दहा वर्षांच्या यशवंतरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू ठेवले. दोन वर्षांतच जन्मदाते वडीलही गेले. म्हणजे वयाच्या बाराव्या वर्षी राज्य होते, पण आई-बाप नव्हते. अशा मुलाला एक तर दरबारी माणसे बिघडवतात, नाही तर एखादा चांगला शिक्षक सावरतो.

शाहूंच्या नशिबात दुसरी गोष्ट होती. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात काही वर्षे काढल्यावर ते धारवाडला आले आणि तिथे स्टुअर्ट फ्रेझर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली शिकले. पुस्तकी अभ्यासापेक्षा प्रवास, कारभाराची माहिती आणि व्यायाम यांवर तिथे भर होता. धिप्पाड देह, कमावलेले शरीर, घोड्यावरची मांड आणि शिकारीचा षोक ही त्यांची ओळख त्याच वयात तयार झाली. ते स्वतः मातीत उतरलेले होते. राजा कुस्ती पाहतो तेव्हा तो बहुधा गादीवर बसून पाहतो, पण हा राजा अंगाला माती लागलेला होता, आणि ती लागली म्हणजे जात, हुद्दा, पागोटे सगळे हौदाबाहेर राहते हे त्याला ऐकून नव्हे तर अंगानेच ठाऊक होते.

१८९१ साली बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाईंशी लग्न झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी, विसाव्या वर्षी, राज्याची सूत्रे हाती आली. पहिली काही वर्षे दुष्काळात आणि प्लेगात गेली. त्यातच वेदोक्ताचे प्रकरण उद्भवले. पंचगंगेवरच्या कार्तिकस्नानाच्या वेळी राजाच्या धर्मविधीला वेदमंत्र म्हणायचे नाहीत, पुराणोक्त म्हणायचे, असे एका पुरोहिताचे वागणे, आणि त्यातून पेटलेला वाद. त्याबद्दल इतके लिहिले गेले आहे, की मी इथे थांबत नाही. एवढेच म्हणतो, की स्वतःच्या राजधानीत, स्वतःच्या नदीवर, राजालाही आपली पायरी दाखवली जाऊ शकते हे कळल्यावर इतरांची काय गत असेल, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही.

मला थांबायचे आहे ते वसतिगृहांपाशी. खेड्यापाड्यातली बहुजन समाजाची मुले शहरात येऊन शिकत नाहीत, कारण त्यांना राहायला आणि जेवायला जागा नाही, हे महाराजांच्या ध्यानात आले. सर्व जातींसाठी एकच वसतिगृह हा प्रयोग त्यांनी आधी करून पाहिला, पण त्यात पुढारलेल्या जातीचीच मुले उरली. मग त्यांनी वाट बदलली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ च्या सुमारास मुसलमान मुलांसाठी सोय, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, आणि मग लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती अशी रांगच लागली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे.

जातवार वसतिगृहे काढली म्हणून त्या काळीही टीका झाली आणि आजही होते. पण बँकेत तीस-बत्तीस वर्षे कर्जाच्या फायली वाचलेल्या माझ्यासारख्याला त्यातली वेगळीच गोष्ट दिसते. दरबार जागा द्यायचा, इमारतीला मदत करायचा, वार्षिक अनुदान बांधून द्यायचा. पण वसतिगृह चालवायचे कोणी? त्या त्या समाजाच्या माणसांनी. वर्गणी त्यांनी गोळा करायची, हिशेब त्यांनी ठेवायचा, मुलांवर लक्ष त्यांनी ठेवायचे. आमच्या धंद्यात याला मार्जिन म्हणतात. कर्जदाराचे स्वतःचे चार पैसे गुंतले नसतील तर बँक कर्ज देत नाही, कारण ज्यात आपले काही अडकलेले नाही ते बुडाले तरी माणसाची झोप उडत नाही. शाहू महाराजांनी हे तत्त्व कुठल्या पुस्तकात वाचले होते कोण जाणे, पण त्यांनी उभ्या केलेल्या बहुतेक गोष्टींत ते सापडते. शाहूपुरीची गुळाची पेठ त्यांनी १८९५ साली वसवली, तिथेही जागा आणि सवलत दरबाराची आणि व्यापार लोकांचा. संस्थानात सहकारी संस्थांचा कायदा आणला, त्यातही हेच.

आता तालमींकडे येऊ. तालमी काही शाहू महाराजांनी शोधून काढल्या नाहीत, त्या आधीपासून होत्या. त्यांनी काय केले, तर वस्तादाला मान दिला, मल्लाला खुराक दिला आणि फडाला जागा दिली. उत्तरेतून, विशेषतः पंजाबातून, नामांकित पैलवान बोलावून त्यांची आपल्या पोरांशी जोड लावली. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींची नावे देशभर गेली. अस्पृश्य समाजातल्या मल्लांना जातीची ओळख पुसली जाईल अशी नवी उपनावे देण्याची युक्तीही त्यांचीच. फडात पुकारा व्हायचा तो त्या नव्या नावाने, आणि ऐकणाऱ्याला जात कळायची नाही.

१९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले. त्याच प्रवासात असताना त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला आणि तो २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला. या दौऱ्यात त्यांनी रोमचे जुने कलोसियम पाहिले. परतल्यावर त्यांच्या डोक्यात एक आखाडा घोळू लागला आणि त्यातून खासबाग मैदान झाले. १९१२ साली ते खुले झाले. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांनी एकदा जरूर पाहावे. मध्ये खोलगट आखाडा, भोवती चढत जाणारा गोल उतार. कुठल्याही कोपऱ्यात बसा, कुस्ती सारखीच दिसते. पुढे बसणाऱ्याचे डोके मागच्याच्या आड येत नाही. रुपया खर्चून आलेला आणि आण्यात आलेला, दोघांच्या डोळ्यांना एकच कुस्ती. शेजारीच पॅलेस थिएटर, म्हणजे आपले केशवराव भोसले नाट्यगृह, त्याच सुमाराचे. २०२४ च्या ऑगस्टमधल्या आगीत ते जळाले तेव्हा कोल्हापुरातली म्हातारी माणसे घरातले कोणी गेल्यासारखी रडली. राजाने बांधलेली इमारत लोकांनी केव्हाच आपली करून टाकली होती.

महाराजांची शेवटची दहा वर्षे म्हणजे एकामागून एक कामांचा धबधबा आहे. १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम, १९१८ साली महार वतनाचे उच्चाटन आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची हजेरी बंद, गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला लावून भर रस्त्यात गाडी थांबवून तिथला चहा पिणे, १९२० च्या मार्चमध्ये माणगावला तरुण आंबेडकरांच्या शेजारी बसणे. त्याच काळात घरात मोठा आघात झाला. धाकटे चिरंजीव शिवाजी महाराज १९१८ साली शिकारीत घोड्यावरून पडून गेले. लग्नाला जेमतेम वर्ष झाले होते. मागे राहिलेल्या सुनेला, इंदुमतीदेवींना, सोवळ्यात कोंडण्याऐवजी शाहू महाराजांनी सोनतळीला शिकायला बसवले. राजघराण्यातल्या विधवेला शिकवायचे म्हणजे त्या काळी काय ओढवून घ्यायचे, याची कल्पना आजच्या मुलींना यायची नाही. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराज गेले. वय अठ्ठेचाळीसही पूर्ण नव्हते.

राजा गेल्यावर त्याने जगवलेल्या गोष्टींचे काय होते, ही खरी परीक्षा असते. ज्या गोष्टी केवळ दरबारच्या तिजोरीवर उभ्या होत्या, त्या १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झाल्यावर डळमळल्या. हत्तींची साठमारी संपली, तिचे नाव तेवढे एका मैदानाला राहिले. शिकारीचे चित्ते गेले. दरबारचा खुराक थांबला तसे पैलवानांचे हाल होऊ लागले. पण तालीम बंद पडली नाही, कारण ती पेठेची होती. तिथे गणपती बसत होता, मोहरमला पंजे बसत होते आणि ते बसवायला हिंदू पोरे पुढे असत. अंत्ययात्रेची तिरडी बांधायला, पुरात माणसे काढायला, लग्नाच्या पंगतीत वाढायला पोरे तालमीतूनच यायची. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायचे तर सरकारी मदत पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, गावाने वर्गणी काढली, आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आले. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे शाहूपुरी तालमीत घडले, ही १९५९ ची गोष्ट. म्हणजे कुस्ती मेली नाही. पण पेठेतल्या प्रत्येक पोराला पैलवान होण्याइतके दूध-बदाम परवडेनात, हेही तितकेच खरे.

तिथे फुटबॉल आला. तो कोल्हापुरात संस्थानी काळातच आला होता, आणि १९४० साली, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन म्हणजे आपली केएसए स्थापन झाली. पण त्याला घर मिळाले ते तालमीत. चेंडू एक, पोरे बावीस, खर्च जवळजवळ नाही. ज्या मांड्या बैठकांनी घडल्या होत्या त्या चेंडूला कामी आल्या. ज्या हौदात संध्याकाळी कुस्त्या व्हायच्या त्याच्या माडीवर फुटबॉलच्या ढाली आणि चषक मांडले जाऊ लागले. माझ्या लहानपणी, साठ-सत्तरच्या दशकात, आमच्या गल्लीतला एखादा खेळाडू सामन्याला निघाला की बायका दारात येऊन त्याच्यावरून मीठ-मोहरी उतरवायच्या. आई मात्र मला बजावायची, की सामना हरला तर जेवायला वेळेवर ये, जिंकला तर कितीही उशीर कर. हरलेल्या दिवशी पेठेत भांडणे होतात, हा तिचा अनुभव.

ईर्षा हा शब्द पुस्तकी मराठीत वाईट समजला जातो. कोल्हापुरात तो एक सद्गुण आहे. रावणेश्वराच्या मंदिराजवळच्या शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम समोरासमोर आले, की दुपारपासून दुकाने रिकामी होतात. तिकीट काढून हजारो माणसे येतात. त्यात सराफ असतात, हमाल असतात, वकील असतात. कुठल्या वाहिनीने जाहिरात केली म्हणून ती येत नाहीत. आपल्या गल्लीतला पोरगा खेळतो आहे म्हणून येतात.

आता जरा कोल्हापूर सोडून देशाकडे पाहू. आपल्या देशाने फुटबॉलमध्ये एके काळी मोठे नाव कमावले होते. शाहू महाराजांच्याच हयातीत, १९११ च्या जुलैत, मोहन बागानच्या पोरांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली. तो संघ कुणा कंपनीचा नव्हता, उत्तर कलकत्त्यातल्या वस्तीने १८८९ साली काढलेल्या क्लबचा होता. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत भारताला सुवर्णपदक मिळाले, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये आपण चौथे आलो. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून हरून आपण २०२७ च्या आशियाई चषकालाही मुकलो.

मधल्या काळात काय झाले? क्लब वस्तीचे राहिले नाहीत, मालकाचे झाले. गिरण्यांचे संघ आले, कंपन्यांचे आले, बँकांचे आले. नोकरी मिळते म्हणून चांगली पोरे तिकडे गेली, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. मी ज्या बँकेत होतो तिथेही खेळाडूंची भरती व्हायची. उत्तम खेळणारी मुले काउंटरवर बसायची, दुपारनंतर सरावाला जायची. मग एके वर्षी वरून परिपत्रक आले आणि भरती थांबली, संघ विरला. कुणी आंदोलन केले नाही, कारण त्या संघाला गल्ली नव्हती. मोठ्या संघांचेही तेच. १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा फगवाड्याचा जेसीटी संघ २०११ साली बंद झाला. आपल्या मुंबईचा महिंद्र युनायटेड त्याच्या आदल्या वर्षी. पुण्यात डीएसके शिवाजियन्स २०१७ साली लीगबाहेर पडला आणि एफसी पुणे सिटी २०१९ साली संपला. ताळेबंदात तोटा दिसला, संचालकांनी सही केली, संघ गेला. बँकवाला म्हणून मला त्या सहीत काही गैर दिसत नाही. ज्याचे पैसे त्याचा निर्णय. प्रश्न एवढाच, की पैसे एकाचेच का असावेत?

२०१४ साली इंडियन सुपर लीग आली. दिवे, नट-नट्या, परदेशी खेळाडू, सगळे आले, आणि काही पोरांना चांगले पैसे मिळू लागले हे नाकारू नये. पण ती इमारत कळसापासून खाली बांधायला घेतली होती. सुरुवातीची कित्येक वर्षे खालचा संघ जिंकला तरी वर चढायला शिडीच नव्हती. ती पहिल्यांदा मिळाली २०२३ साली, पंजाबच्या संघाला. आणि २०२५ च्या जुलैत महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्या कराराचे घोंगडे भिजत पडल्यावर पुढचा हंगामच स्थगित ठेवावा लागला. एक करार अडला आणि देशाचा अव्वल फुटबॉल थांबला. त्याच वर्षांत कोल्हापुरातल्या पेठांच्या संघांना मात्र अशा कुठल्या कंपनीच्या कराराची वाट पाहावी लागली नाही.

जर्मनीचे उदाहरण नेहमी दिले जाते. २००० सालच्या युरो स्पर्धेत ते एकही सामना न जिंकता घरी परतले. मग त्यांनी मोठ्या क्लबांना मुलांच्या प्रबोधिनी सक्तीच्या केल्या, देशभर साडेतीनशेहून जास्त सराव केंद्रे उघडली, आणि २०१४ साली विश्वचषक घरी नेला. आपल्याकडे भाषणांत प्रबोधिनींचा उल्लेख होतो, पण त्यांच्या खाली काय होते ते सांगायचे राहून जाते. तिथले क्लब मुळात सभासदांची नोंदणीकृत मंडळे असतात, आणि एक-दोन अपवाद सोडले तर मताचा निम्म्याहून अधिक हक्क सभासदांकडेच राहील असा त्यांचा नियम आहे. स्पेनमधला अॅथलेटिक बिल्बाओ तर फक्त आपल्या बास्क प्रदेशातल्या मुलांनाच खेळवतो, मालक सभासद, आणि तरीही तो कधी वरच्या गटातून खाली घसरलेला नाही. हे वाचून मला हसू आले होते. बिल्बाओ म्हणजे कुठली तरी तालीमच की!

म्हणजे जे तिथे शंभर वर्षे जपले, ते आपल्याकडे कोल्हापुरात आयते आहे. मग कोल्हापूरने देशाला अकरा खेळाडू का दिले नाहीत? २०१७ साली आपल्या देशात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला. रिक्षाचालकाचा मुलगा. सारे शहर आनंदले. पण तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. इथेच गोम आहे, आणि आपलेच दात आपलेच ओठ असले तरी सांगायला हवी.

आमच्या तालमींनी महाराजांची अर्धी पद्धत उचलली. पेठेची मालकी राहिली, वर्गणी राहिली, ईर्षा राहिली. हिशेब आणि खुराक मात्र सुटले. हंगामात पुढाऱ्यांकडून, बिल्डरांकडून आलेला पैसा एका चषकासाठी बाहेरचे आणि आफ्रिकेतले खेळाडू आणण्यात जातो. ते बिचारे चांगले खेळतात, पेठही त्यांच्यावर जीव लावते, आणि मृग लागायच्या आत ते आपल्या वाटेने जातात. शाहू महाराजांनीही पंजाबी मल्ल आणले होते, असे मला एका तालमीच्या कट्ट्यावर ऐकवण्यात आले. बरोबर आहे. पण ते इथल्या पोरांशी जोड लावण्यासाठी, त्यांच्या अंगाला वरचढ कुस्ती लागावी म्हणून आणले होते. इथल्या पोराला बाकावर बसवण्यासाठी नव्हे. तेरा वर्षांखालच्या मुलांचा संघ नेमाने चालवणाऱ्या, शिकलेला मार्गदर्शक ठेवणाऱ्या तालमी किती, हे पेठेतल्या कुणालाही विचारा. बोटे मोजायला सुरुवात होते आणि लवकरच थांबते.

हुल्लडबाजीचे काय, असेही विचारले जाते. सामना संपल्यावर दगड येतात, पोलिसांना लाठी उचलावी लागते, स्पर्धा थांबवाव्या लागतात. वर्गणी देणाऱ्या बायाबापड्या मैदानावर यायला धजत नाहीत. आणि मुलींचे तर विचारूच नका. कोल्हापूरच्या मुली फुटबॉल खेळतात, चांगल्या खेळतात, पण शाळा-कॉलेज सुटले की त्यांना तालमीचा उंबरा आडवा येतो. विधवा सुनेला शिकायला बसवणाऱ्या राजाचा फोटो प्रत्येक तालमीच्या भिंतीवर आहे. त्या फोटोखाली मुलींच्या संघाची एक नोंदवही ठेवायला काय हरकत असावी?

मला कुणी विचारत नाही, पण विचारले असते तर मी महाराजांचीच फाईल पुढे केली असती. महासंघ आणि राज्य संघटना यांनी पैसा थेट तळाशी, तालमीसारख्या मंडळांकडे जाऊ द्यावा. मात्र अट घालावी. जेवढी वर्गणी पेठ गोळा करील तेवढेच अनुदान वरून, मुला-मुलींचे दोन संघ, एक प्रशिक्षित वस्ताद, आणि सभासदांसमोर वाचून दाखवलेला हिशेब. हे नसेल तर वरिष्ठ गटात खेळायला मिळणार नाही. महासंघाने २०१८ पासून लहान मुलांसाठी बेबी लीग काढल्या, त्यांना यजमान हवे असतात, आणि इथे तर पेठेगणिक यजमान बसले आहेत. मैदानांचेही आहेच. गांधी मैदान म्हणजे पूर्वीचे वरुणतीर्थ तळे, आणि दर पावसाळ्यात ते आपले जुने रूप आठवून पाण्याने भरते. तिथला निचरा हे फुटबॉलच्या सुधारणेचे काम आहे, असे दिल्लीत कुणाला वाटणार नाही. पण पेठेतल्या पोराचे वर्षातले चार महिने त्या पाण्याखाली जातात.

महाराजांनी १९०८ च्या सुमारास भोगावतीवर राधानगरीचे धरण सुरू केले. ते पुरे झाले १९५७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी. त्यांच्या जयंतीला, २६ जूनला, शहरात मिरवणूक निघते, शाळांची मुले लेझीम खेळतात. नेमका त्याच सुमारास फुटबॉलचा हंगाम संपून तालमी मोकळ्या झालेल्या असतात, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. पेठेतल्या दहा-बारा वर्षांच्या मुला-मुलींची नावे नोंदवायला याहून सोयीचा दिवस नाही. पोरे त्या दिवशी तालमीच्या दारात आलेलीच असतात, पेढे खायला.